दृढीकरण संस्कार आणि वसईची ख्रिस्ती परंपरा

दृढीकरण संस्कार : रोमन कॅथलिक पंथाने मान्य केलेल्या सात संस्कारांपैकी एक. स्नानसंस्काराने (बाप्तिस्म्याने) ख्रिस्तसभेत प्रवेश मिळालेल्या व्यक्तीच्या मस्तकी हात ठेवून व कपाळावर पवित्र तेलाचे लेपन करून तिला पवित्र आत्म्याचे दान दिले जाते आणि तिची श्रद्धा दृढ केली जाते, अशी या संस्कारामागील धारणा आहे. स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे तीन मिळून ख्रिस्ती धर्मप्रवेशाचे संस्कार मानले जातात. यांपैकी स्नानसंस्कार कोणताही धर्मगुरू देऊ शकतो. प्राणसंकटाच्या प्रसंगी तर कोणतीही सामान्य व्यक्ती तो देऊ शकते. दृढीकरण मात्र बिशपच्या हातून व्हावे, असा पाश्चात्त्य ख्रिस्तसभेचा प्राचीन दंडक आहे. त्यामुळे ज्या प्रदेशात बिशपचा वास नाही, तेथील ख्रिस्ती जनांचा धर्मप्रवेश दीर्घकाळ अपुरा राहण्याचा संभव असतो. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसर हे याचे ठळक उदाहरण होय. सोळाव्या शतकापासून तेथे ख्रिस्ती समाजाची अखंड वस्ती असली, तरी त्याला स्वतःचा बिशप १९९८ मध्ये लाभला. या समाजाच्या दृढीकरणाचा इतिहास म्हणजे एका परीने गावातील वेदी आणि दूरस्थ बिशप यांमधील अंतराचा इतिहास आहे.

संज्ञा व अर्थ : बळकट करणे, पक्के करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून या संस्काराचे पाश्चात्त्य नाव आले आहे. मराठीतील ‘दृढीकरण’ ही संज्ञा त्याच अर्थाने योजिलेली आहे. पूर्वेकडील ख्रिस्तसभांत संस्काराचे नाव तैललेपनावरून पडले आहे. लेपन या अर्थी ग्रीक भाषेत ‘ख्रिस्मा’ हा शब्द असून ‘ख्रिस्त’ म्हणजे ‘अभिषिक्त’ हे नाव त्याच धातूपासून बनले आहे. पोर्तुगीज भाषेतही या संस्कारास ‘क्रिज्मा’ असेच म्हणतात. वसईतील कॅथलिकांच्या धार्मिक लेखनात व उपासनेत ‘दृढीकरण संस्कार’ हा शब्द रूढ असून बोलण्यात ‘कन्फर्मेशन’ हा इंग्रजी शब्दही वापरला जातो.

मध्ययुगीन तत्त्ववेत्ता सेंट टॉमस अक्वाय्नस याने या संस्काराचे विवरण मानवी जीवनाच्या उपमेने केले आहे. स्नानसंस्कार हा आध्यात्मिक जन्म असेल, तर दृढीकरण ही त्या जीवनाची वाढ होय, असे तो मानतो. या संस्काराने आत्म्यावर अमिट मुद्रा उमटते, असे कॅथलिक धर्मशास्त्र सांगते. म्हणून तो आयुष्यात एकदाच घेता येतो. मोक्षासाठी तो अपरिहार्य नाही. परंतु त्यावाचून स्नानसंस्काराची कृपा पूर्णत्वास जात नाही, अशी शिकवण आहे. पवित्र आत्म्याची सात दाने त्यातून लाभतात, असे मानतात. सुज्ञता, समज, सुसल्ला, धैर्य, ज्ञान, धर्मनिष्ठा व ईश्वराचे आदरयुक्त भय ही ती दाने असून त्यांचे मूळ बायबलच्या जुन्या करारातील यशया या ग्रंथात आहे.

उगम व विकास : येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला व ते निर्भयपणे उपदेश करू लागले, असे बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात म्हटले आहे. शोमरोन येथील लोकांचा बाप्तिस्मा झाला होता. परंतु पेत्र व योहान यांनी तेथे जाऊन त्यांच्यावर हात ठेवल्यानंतरच त्यांना पवित्र आत्म्याची प्राप्ती झाली, असाही वृत्तांत त्याच ग्रंथात आहे. बाप्तिस्मा एकाने द्यावा व हस्तारोपणासाठी प्रेषिताने दुरून यावे, हा पुढील इतिहासात वारंवार आढळणारा क्रम या वृत्तांतातही दिसतो.

आरंभीच्या शतकांत प्रौढ व्यक्तीस एकाच विधीत स्नान, तैललेपन व ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार मिळत व त्या प्रसंगी बिशप स्वतः उपस्थित असे. ख्रिस्ती वस्ती खेडोपाडी पसरल्यावर प्रत्येक ठिकाणी बिशपने जाणे अशक्य झाले. तेव्हा पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी बिशपने पवित्र केलेले तेल वापरून लेपन करण्याचा अधिकार धर्मगुरूस दिला व तिन्ही संस्कार एकत्र राखले. रोमने वेगळा मार्ग पत्करला. पोप पहिला इनोसंट याने ४१६ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात कपाळावरील लेपन हा बिशपचाच अधिकार असल्याचे सांगितले. परिणामी पश्चिमेकडे स्नानसंस्कार व दृढीकरण यांत वर्षांचे अंतर पडू लागले. १४३९ च्या फ्लॉरेन्स परिषदेने बिशप हाच या संस्काराचा सामान्य अधिकारी असल्याचे नमूद केले. प्रॉटेस्टंट सुधारकांनी दृढीकरणाचे संस्कारत्व नाकारल्यावर ट्रेंट परिषदेने मार्च १५४७ मध्ये ते पुन्हा प्रतिपादिले. याच परिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक बिशपने आपल्या धर्मप्रांताची दरवर्षी, आणि प्रांत विस्तीर्ण असल्यास दोन वर्षांत, पाहणी पूर्ण करावी असा नियम केला. युरोपातील लहान धर्मप्रांतांना हा नियम पाळता येण्याजोगा होता; आशियातील धर्मप्रांतांची स्थिती मात्र अगदी निराळी होती.

पोर्तुगीज काळ : वसई परिसराचा पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माशी संबंध पोर्तुगीजांपूर्वीचा आहे. डोमिनिकन धर्मगुरू जॉर्डेनस हा १३२१ च्या सुमारास ठाणे व सोपारा येथे होता. ठाण्यास मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कन साधूंच्या अस्थी त्याने सोपाऱ्यास नेऊन पुरल्या आणि या भागात काही जणांना बाप्तिस्मा दिला. पुढे १३२९ मध्ये कोल्लमचा बिशप म्हणून त्याची नियुक्ती झाली. त्याने सोपाऱ्यास केलेल्या कार्याची परंपरा मात्र टिकली नाही.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर फ्रान्सिस्कन व पाठोपाठ जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या संघांचे धर्मगुरू येथे आले. वसईच्या कोटात आणि पापडी, सांडोर, माणिकपूर, निर्मळ, आगाशी, नंदाखाल आदी गावांत चर्चवास्तू उभ्या राहिल्या. त्यांपैकी नंदाखालचे चर्च पवित्र आत्म्यास वाहिलेले आहे. शेतकरी, बागाईतदार व कोळी या समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. सामवेदी (कादोडी), वाडवळी व कोळी या त्यांच्या बोली टिकून राहिल्या.

या सर्व काळात वसईत बिशपपीठ नव्हते. वसई गोव्याच्या धर्मप्रांतात मोडत असे. गोव्याचे बिशपपीठ १५३४ च्या सुमारास स्थापन झाले व १५५८ मध्ये त्यास आर्चबिशपपीठाचा दर्जा मिळाला. आरंभी त्याचे क्षेत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंत पसरलेले होते. गोवा व वसई यांत किनाऱ्याने चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर असून पावसाळ्यात सागरी प्रवास बंद पडे. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर याने वसईला भेटी दिल्या. परंतु तो बिशप नव्हता. अशा स्थितीत बाप्तिस्म्यांची संख्या झपाट्याने वाढे, दृढीकरणासाठी मात्र बिशपच्या आगमनाची वाट पाहावी लागे. बिशप आला म्हणजे निरनिराळ्या वयांच्या व्यक्तींना एकाच प्रसंगी हा संस्कार देणे क्रमप्राप्त होते. स्पेन व पोर्तुगाल यांच्या प्रभावाखालील प्रदेशांत अगदी लहान मुलांनाही दृढीकरण देण्याची वहिवाट होती, ती याच कारणाने समजण्यासारखी आहे.

ही अडचण वसईपुरती मर्यादित नव्हती. जपानमध्ये झेव्हिअरने १५४९ मध्ये धर्मप्रसारास आरंभ केला. पण तेथे पोहोचलेला पहिला बिशप पेद्रू मार्तिन्श हा १५९६ मध्ये नागासाकीस उतरला आणि त्यानंतरच तेथील ख्रिस्ती जनांस दृढीकरण मिळू लागले. वसईत जन्मलेला फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया हा त्याच सुमारास जपानमध्ये कार्य करीत होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे अन्य पंचवीस जणांसह त्यास क्रुसावर मारण्यात आले व १८६२ मध्ये रोमने त्यास संतपद दिले. श्रद्धेची निर्भय साक्ष हा दृढीकरणाचा जो आशय सांगितला जातो, त्याचे उदाहरण म्हणून वसईकर ख्रिस्ती समाज या संताकडे पाहतो.

केरळमध्ये याच संस्कारावरून वेगळा पेच निर्माण झाला. तेथील सेंट टॉमस ख्रिस्ती लोकांच्या पूर्व सिरियन परंपरेत स्वतंत्र दृढीकरणविधी नव्हता. गोव्याचा आर्चबिशप आलेशू द मेनेझिश याने १५९९ मध्ये तो देण्यास सुरुवात केली, तेव्हा काही ठिकाणी विरोध झाला. कपाळावर खूण करणे व गालावर चापट मारणे हे दास्याचे चिन्ह आहे, असा लोकांचा आक्षेप होता. ही चापट लॅटिन विधीत मध्ययुगात आली. तेराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील बिशप दुरांदुस याच्या विधिग्रंथात ती आढळते. ख्रिस्तासाठी अपमान सोसण्याची तयारी असावी, असा तिचा अर्थ लावीत. परकीय सत्तेच्या छायेत तोच संकेत किती निराळा वाटू शकतो, हे या प्रसंगावरून दिसते.

मराठी अंमल व त्यानंतर : चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. शरणागतीच्या अटींत ख्रिस्ती रहिवाशांना धर्मपालनाची मोकळीक होती. परंतु युरोपीय धर्मगुरू निघून गेले, कोटातील मठ व चर्च ओसाड पडली आणि गावोगावच्या चर्चचा भार एतद्देशीय धर्मगुरूंवर येऊन पडला. स्नान, विवाह व अंत्यविधी हे संस्कार त्यांनी चालू ठेवले. त्यांच्या जोडीला लोकभाषेतील धार्मिक गीते होती. फ्रान्सिस्कन धर्मगुरू फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश याचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील मराठी पुराण १६५९ मध्ये रोमन लिपीत छापले गेले होते आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती लोकांत ते गायिले जाई. दृढीकरण मात्र पाठांतराने वा धर्मगुरूच्या निष्ठेने भरून निघण्यासारखे नव्हते. त्यासाठी बिशपच हवा होता आणि गोवा आता परराज्यात पडले होते.

या अंतराला अधिकारक्षेत्राच्या वादाची जोड मिळाली. इंग्रजांनी १७२० मध्ये मुंबईतून गोव्याच्या अधिकाराखालील धर्मगुरूंना दूर केले व रोमच्या थेट नियुक्तीच्या कार्मेलाइट बिशपला तेथे आणले. अशा रीतीने वसईच्या खाडीपलीकडे जवळच एक बिशप राहू लागला. पण वसईची चर्च पोर्तुगालच्या धर्मसंरक्षणाधिकाराखाली, म्हणजे ‘पद्रुआदो’खाली, गोव्याशीच जोडलेली राहिली. १८१८ मध्ये पेशवाई संपून वसई ब्रिटिश अंमलाखाली आल्यावरही या व्यवस्थेत बदल झाला नाही. स्वतः गोव्याचे पीठ १८३१ मध्ये आर्चबिशप मानुएल द सांव गाल्दिनू याच्या मृत्यूनंतर १८४४ पर्यंत रिकामे होते आणि १८४९ नंतर पुन्हा दशकाहून अधिक काळ तेथे आर्चबिशप नव्हता. पद्रुआदोच्या बाजूस बिशपची उणीव इतकी तीव्र होती, की मकावचा बिशप जेरोनिमु द माता याने मुंबईतील त्या पक्षाच्या चर्चमध्ये बिशपने करावयाचे विधी केले. पोप नववा पायस याने ९ मे १८५३ च्या पत्राद्वारे त्याबद्दल कडक निषेध व्यक्त केला. हा वाद वरकरणी रोम आणि लिस्बन यांच्या हक्कांचा होता. त्याची झळ मात्र आपल्या मुलांच्या कपाळी तेल लागण्याची वाट पाहणाऱ्या सामान्य कुटुंबांना लागत होती.

दमण व मुंबई धर्मप्रांत : रोम व पोर्तुगाल यांच्यात १८८६ मध्ये झालेल्या करारानुसार दमणचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला व वसईचा त्यात समावेश झाला. दमणच्या बिशपचे वास्तव्य मुंबईत असे. त्यामुळे तीन शतकांहून अधिक काळानंतर वसईचा बिशप प्रथमच एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आला. बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग वसईवरून गेलेला असल्याने हा प्रवास सुकर झाला होता. १९२८ च्या करारान्वये दमण धर्मप्रांत रद्द होऊन त्याचा ब्रिटिश हिंदुस्थानातील भाग मुंबईच्या आर्चबिशपपीठास जोडण्यात आला. पुढील सत्तर वर्षे वसईतील दृढीकरण मुंबईचे आर्चबिशप अथवा त्यांचे साहाय्यक बिशप यांच्या अधिकाराखाली होत राहिले.

याच काळात संस्काराचे वय व क्रम यांत बदल घडून आला. पोप दहावा पायस याने १९१० मध्ये मुलांना साधारण सातव्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसाद देण्याची आज्ञा केली. तोवर अनेक ठिकाणी दृढीकरण त्याआधी होत असे. आता ते मागे पडले. मरणोन्मुख व्यक्तीचे दृढीकरण तेथील मुख्य धर्मगुरूने करावे, अशी परवानगी रोमने १९४६ मध्ये दिली व ती पुढील वर्षाच्या आरंभापासून अंमलात आली. बिशपच्या अनुपस्थितीमुळे कोणी या संस्काराला मुकू नये, हा तिचा हेतू होता.

विधीतील सुधारणा : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये दृढीकरणविधीची पुनर्रचना करण्याचे ठरविले. त्यानुसार पोप सहावा पॉल याने १५ ऑगस्ट १९७१ रोजी नवा विधी मान्य केला. लॅटिनऐवजी लोकभाषेचा वापर सुरू झाला, गालावरील चापट वगळण्यात आली व तिच्या जागी शांतीचे अभिवादन आले. तैललेपनाच्या वेळी उच्चारावयाचे वाक्यही बदलले. पूर्वीच्या वाक्यात खूण करणाऱ्या बिशपच्या कृतीवर भर होता. नव्या वाक्यात, पूर्वेकडील प्राचीन परंपरेस अनुसरून, पवित्र आत्मा हेच मिळणारे दान असल्याचे सांगितले जाते. वसईत या बदलाचे महत्त्व विशेष होते. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या हा विधी न समजणाऱ्या भाषेत ऐकला, त्यांना तो मराठीत ऐकता आला.

सांप्रतचा विधी मिस्साबलीच्या प्रसंगी, शुभवर्तमानाच्या वाचनानंतर होतो. उमेदवारांना बिशपसमोर सादर केले जाते व बिशप प्रवचन करतो. बालपणी मातापित्यांनी व धर्ममातापित्यांनी आपल्या वतीने दिलेली स्नानसंस्काराची वचने उमेदवार आता स्वमुखाने उच्चारतात. बिशप सर्वांवर हात पसरून सात दानांसाठी प्रार्थना करतो. त्यानंतर एकेक उमेदवार पुढे येतो, पाठीराखी व्यक्ती आपला उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवते आणि बिशप त्याचे नाव घेऊन अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस रेखितो. उमेदवार ‘आमेन’ म्हणतो. वापरले जाणारे तेल ऑलिव्हचे वा अन्य वनस्पतींचे असून त्यात सुगंधी द्रव्य मिसळलेले असते. पवित्र सप्ताहातील एका खास मिस्सामध्ये बिशप आपल्या धर्मगुरूंसमवेत ते पवित्र करतो. एखाद्या धर्मगुरूस दृढीकरणाचा अधिकार दिला, तरी त्याने बिशपने पवित्र केलेलेच तेल वापरले पाहिजे.

१९८३ च्या धर्मसंहितेनुसार बिशप हा या संस्काराचा सामान्य अधिकारी होय. समज येण्याचे वय ही सर्वसाधारण मर्यादा असून राष्ट्रीय बिशप परिषदेस वेगळे वय ठरविता येते. मुंबई व वसई परिसरात सामान्यतः शाळेच्या वरच्या इयत्तांतील मुलामुलींना दृढीकरण दिले जाते व त्यापूर्वी त्यांचे धर्मशिक्षण होते. संस्काराची नोंद ठेवण्यात येते व ती स्नानसंस्काराच्या नोंदीसही जोडली जाते. विवाहापूर्वी, मोठी अडचण नसल्यास, दृढीकरण घ्यावे असा नियम असल्याने या नोंदीस व्यावहारिक महत्त्वही आहे.

वसई धर्मप्रांत : पोप दुसरा जॉन पॉल याने २२ मे १९९८ रोजी मुंबईपासून विभक्त करून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापिला. पापडी येथील कृपामाता चर्च हे त्याचे मुख्य चर्च झाले. पहिले बिशप थॉमस डाबरे हे स्वतः वसईचे सुपुत्र असून संत तुकारामांच्या ईश्वरानुभूतीवरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये त्यांची पुण्यास बदली झाल्यावर आर्चबिशप फेलिक्स मच्याडो आणि २०२४ मध्ये बिशप थॉमस डिसोजा यांची नियुक्ती झाली. उत्तरेस डहाणू-तलासरीपासून पूर्वेस जव्हार-मोखाड्यापर्यंतचा आदिवासी भाग या धर्मप्रांतात येतो. त्यामुळे अंतराचा प्रश्न डोंगराळ पाड्यांपुरता अद्याप शिल्लक आहे.

अंतर मिटल्यावर अर्थाचा प्रश्न पुढे आला. बिशपची भेट दुर्मिळ होती, तेव्हा दृढीकरण ही वयाचा विचार न करता स्वीकारावयाची देणगी होती. आता ते किशोरवयात, पूर्वतयारीने व ठरलेल्या वेळी होते. त्यामुळे त्यास स्वतःच्या निर्णयाने केलेल्या श्रद्धास्वीकाराचे रूप आले आहे. काही धर्मचिंतकांना हे इष्ट वाटते, तर हा संस्कार म्हणजे धर्मशिक्षणाची अखेरची पायरी असा समज होईल व त्यानंतर तरुण चर्चपासून दुरावतील, अशी चिंता इतर व्यक्त करतात. धर्मप्रवेशाच्या तीन संस्कारांचा मूळ क्रम पुन्हा आणावा, असाही एक विचार जगभरच्या कॅथलिक वर्तुळांत मांडला जातो. महानगराच्या विस्ताराने शेती-बागाईत आटत चाललेल्या आणि बोलीभाषा मागे पडत चाललेल्या वसई-विरारमध्ये या चर्चेस स्थानिक संदर्भ आहे. गावाचे जुने बंध सैल होत असताना मुलामुलींनी गावकऱ्यांसमक्ष, मराठीत, स्वतःच्या नावानिशी आपल्या श्रद्धेची ग्वाही देणे हे या समाजाच्या दृष्टीने धर्मविधीइतकेच सामाजिक सातत्याचेही द्योतक ठरते.